कंपन्या जवळ आल्या की मधला सांधा कोणाचा? चिपनिर्मात्यांची विलीनीकरणं आणि गेमिंग पीसीचं पुढचं चित्र

तिसरा_स्लॉट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१८ सप्टेंबर २०२५ ला ग्राफिक्स चिपवाल्या एनव्हिडियाने प्रोसेसरवाल्या इंटेलमध्ये ५ अब्ज डॉलर गुंतवायचं जाहीर केलं. २३.२८ डॉलरला एक शेअर. त्या दिवशी जो तो शेअरबाजाराबद्दल बोलत होता. मला मात्र त्या घोषणेचा दुसरा भाग जास्त मोठा वाटला. पीसीसाठी इंटेल अशा एक्स८६ (पीसीच्या नेहमीच्या प्रोसेसरच्या जातीच्या) चिप बनवणार, ज्यांच्यात एनव्हिडियाचं आरटीएक्स ग्राफिक्स चिपलेट, म्हणजे चिपमधला छोटा तुकडा, म्हणून बसवलेलं असेल, आणि दोन्ही कंपन्यांची आर्किटेक्चर जोडणारा दुवा एनव्हिडियाचा स्वतःचा असेल, एनव्हीलिंक. कागदोपत्री हे विलीनीकरण नाही. दोन्ही कंपन्या वेगळ्याच राहतात. पण आपल्या टेबलावर जे येणार ते विलीनीकरणातून आलं असतं तसंच: प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच पॅकेजमध्ये, मध्ये स्लॉट नाही.

अशी बातमी आली की आपण पहिल्यांदा विचारतो, कार्डं महागणार का? माझ्या मते आधी विचारायला हवं की दोन भागांमधला सांधा आता कोणाच्या हातात जाणार. एका कंपनीचा प्रोसेसर, दुसरीचं ग्राफिक्स कार्ड असं आपण बिनदिक्कत जोडू शकतो, कारण पीसीआय एक्स्प्रेस हा बोर्डावरच्या स्लॉटचा सांधा कोणा एकाच्या मालकीचा नाही. कंपन्या एकमेकींना विकत घेतात तेव्हा सर्वांत आधी धोक्यात येतो तो हा सांधा, आणि ते कळायला चार-पाच वर्षं जातात.

थ्रीडीएफएक्स या वूडू ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या जुन्या कंपनीचं उदाहरण घ्या. पहिलं वूडू कार्ड ज्यांनी वापरलं त्यांना आठवत असेल, ते नेहमीच्या ग्राफिक्स कार्डाच्या जोडीला लावायचं असे. मागून एक आखूड केबल जुन्या कार्डातून वूडूत, आणि वूडूतून मॉनिटरकडे. गेम सुरू झाला की आतला रिले ‘टक्’ करून वाजायचा आणि पडद्याचा ताबा वूडू घ्यायचं. तो आवाज आला की मी खुर्ची पुढे ओढायचो. मिसळून वापरायचा पीसी म्हणजे काय, हे मला त्या केबलने शिकवलं.

१९९८ च्या डिसेंबरात थ्रीडीएफएक्सने एसटीबी सिस्टिम्स ही कार्ड बनवणारी कंपनी घ्यायचं जाहीर केलं. तोवर ती चिप विकायची आणि कार्डं इतर बनवायचे. आता ती स्वतःच कार्डं विकणार म्हटल्यावर कालचे भागीदार दुसऱ्या चिपकडे वळले. डिसेंबर २००० मध्ये थ्रीडीएफएक्सने आपली मालमत्ता एनव्हिडियाला विकायचं ठरवलं: ७ कोटी डॉलर रोख आणि १० लाख शेअर. एनव्हिडियाने पेटंटं घेतली, माणसं घेतली. वूडू वापरणाऱ्यांना ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) पुरवण्याची जबाबदारी मात्र कोणीच घेतली नाही. पुढे काही वर्षं हौशी मंडळींनीच ते ड्रायव्हर जिवंत ठेवले. आणि ग्लाइड या थ्रीडीएफएक्सच्या स्वतःच्या एपीआयवर (गेम कार्डाशी ज्या भाषेत बोलतो ती) लिहिलेले गेम रॅपरशिवाय, म्हणजे मधल्या दुभाषी सॉफ्टवेअरशिवाय, चालेनासे झाले.

एका अधिग्रहणाने भागीदार गेले, दुसऱ्याने आधार गेला. तुम्हाला काय वाटतं, जरूर लिहा. असहमती असेल तर आधी लिहा.

---

रात्रपाळी

लेख आवडला, पण चित्र एकाच बाजूने काढलंय असं वाटतं, म्हणून दुसरी बाजू मांडते.

२००० साली एटीआय या ग्राफिक्स कंपनीने आर्टएक्स ही छोटी कंपनी घेतली. निन्टेन्डोच्या गेमक्यूबची ग्राफिक्स चिप याच लोकांची. त्या चमूच्या हातून पुढे आर३०० घडली, म्हणजे २००२ चं रेडिऑन ९७०० प्रो. एनव्हिडियाला पहिल्यांदा कोणी खरोखर मागे टाकलं असेल तर त्या कार्डाने. डायरेक्टएक्स ९ चं ते पहिलं कार्ड. ते अधिग्रहण झालं नसतं तर २००२ नंतरची चुरस आपल्याला दिसलीच नसती.

दुसरं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीने एटीआय घेतली ते. जुलै २००६ मध्ये जाहीर, ऑक्टोबरमध्ये पूर्ण, ५.४ अब्ज डॉलर. पहिली काही वर्षं हा व्यवहार एएमडीला बुडवणार अशीच चिन्हं होती. डोक्यावर कर्ज, मोजलेल्या किमतीतला मोठा भाग तोटा म्हणून वह्यांत लिहावा लागला, २००९ मध्ये चिपचे कारखाने वेगळे काढून ग्लोबलफाउंड्रीज झाली, त्याच वर्षी मोबाइलचा ग्राफिक्स विभाग क्वालकॉमला ६.५ कोटी डॉलरला गेला. (अवांतर: क्वालकॉमच्या ‘अ‍ॅड्रेनो’ नावातली इंग्रजी अक्षरं इकडची तिकडे केली की ‘रेडिऑन’ होतं.) प्रोसेसर आणि ग्राफिक्स एका चिपवर आणायचं जे स्वप्न २००६ ला दाखवलं होतं, ते बाजारात यायला २०११ उजाडलं.

पण २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या दोन्हींच्या आत एएमडीचीच चिप होती. प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोन्ही एका छताखाली असणारी दुसरी कोणती कंपनी ते काम तेव्हा घ्यायला तयार होती? कन्सोलच्या त्या कामाने एएमडीला कठीण काळात तगवलं, आणि मार्च २०१७ ला रायझन हे प्रोसेसर आले. इंटेलच्या चार कोअरच्या चिपवर वर्षानुवर्षं अडकलेल्या आपल्यासारख्यांना आठ कोअर मिळाले, ते त्या विलीनीकरणाच्या जिवावर. स्टीम डेक या हातात धरायच्या गेमिंग पीसीची चिपही त्याच झाडाचं फळ.

तेव्हा विलीनीकरण म्हटलं की नुकसानच, हे मला पटत नाही. कमकुवत दोघं एकत्र आले तर तिसऱ्याला आव्हान उभं राहतं.

---

ड्रायव्हरशोध

रात्रपाळी, कन्सोलच्या मुद्द्यावर +१. पण मी धागाकर्त्याच्या बाजूने एक अनुभव देतो.

माझ्याकडे एक कॅप्चर कार्ड (पडद्यावरचं चित्र रेकॉर्ड करणारं) होतं. बनवणारी कंपनी लहान, पण काम चोख. तिला एका मोठ्या कंपनीने विकत घेतलं. (नाव लिहीत नाही, दोन्ही कंपन्यांचं.) वर्षभर काहीच बदललं नाही. मग मदतीचं पान मोठ्या कंपनीच्या साइटवर गेलं, मग शोधूनही सापडेना, आणि विंडोजची पुढची आवृत्ती टाकली त्या दिवशी जुना ड्रायव्हर बसायला तयार होईना. कार्डाला काही झालेलं नव्हतं. त्याच्यावरचा हिरवा दिवा लागायचा. आठवडाभर मी तो दिवा बघत बसलो, शेवटी बॅकअप डिस्कवर तीन वर्षांपूर्वीची झिप फाइल सापडली तेव्हा कुठे काम झालं. तेव्हापासून नवीन वस्तू घरी आली की ड्रायव्हरची प्रत आधी काढून ठेवतो.

आता याच जातीची पण सगळ्या जगाला माहीत असलेली गोष्ट. एजिया नावाची कंपनी गेममधल्या पदार्थविज्ञानासाठी वेगळं कार्ड विकायची. तुटणारी काच, फडफडणारं कापड, उडणारे तुकडे, हे गणित ते कार्ड करायचं. फेब्रुवारी २००८ मध्ये एनव्हिडियाने एजियाला घेतलं आणि तिचं फिजएक्स हे तंत्र स्वतःच्या ग्राफिक्स कार्डांवर आणलं. वेगळं कार्ड घ्यायची गरज संपली, ही चांगलीच गोष्ट झाली. मग २००९ मध्ये ड्रायव्हरमध्ये बदल झाला: मशीनमध्ये दुसऱ्या कंपनीचं ग्राफिक्स कार्ड मुख्य म्हणून असेल तर एनव्हिडियाचं कार्ड फिजएक्सचं काम करणार नाही. म्हणजे एनव्हिडियाचं कार्ड पैसे देऊन घेतलेलं, स्लॉटमध्ये बसलेलं, तरी शेजारी कोण आहे त्यावर त्याचं काम ठरणार.

आणि शेवटचा टप्पा २०२५ चा. आरटीएक्स ५० मालिकेत ३२-बिट कूडाचा (ग्राफिक्स कार्डाकडून गणित करून घ्यायच्या एनव्हिडियाच्या तंत्राचा) आधार काढला, त्याबरोबर ३२-बिट फिजएक्सही गेलं. मिरर्स एज, बॉर्डरलँड्स २ असे जुने गेम नव्याकोऱ्या महागड्या कार्डावर अडखळायला लागले, कारण ते गणित प्रोसेसरच्या अंगावर आलं. ओरड झाल्यावर काही निवडक गेमसाठी तो आधार ड्रायव्हरमधून परत आला.

अधिग्रहण २००८ चं, झळ २०२५ ला. कार्ड महागलं की नाही एवढंच पाहणाऱ्याला हे कधी दिसणार नाही.

---

तिसरा_स्लॉट (धागाकर्ता)

रात्रपाळी, आर्टएक्सचा मुद्दा माझ्या लिखाणात यायला हवा होता. मान्य. रायझनबद्दलही मान्य.

पण एएमडी–एटीआय व्यवहाराची अजून एक बाजू आहे, ती मी मदरबोर्ड जुळवताना अनुभवली. २००६ च्या आधी एएमडीच्या प्रोसेसरसाठी चांगला बोर्ड म्हणजे एनव्हिडियाचा एनफोर्स चिपसेट (बोर्डावर प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणारी चिप), हे समीकरण होतं. एनफोर्स २ वरच्या आवाजासाठी लोक खास तो बोर्ड शोधायचे. एटीआय एएमडीच्या घरात आल्यावर एनव्हिडियाला त्या घरात जागा किती उरणार होती? आणि इंटेलच्या बाजूला २००९ मध्ये परवान्याचा वाद कोर्टात गेला: नेहेलेम या इंटेलच्या पिढीपासूनच्या प्रोसेसरसाठी एनव्हिडियाला चिपसेट बनवायचा हक्क आहे की नाही. २०११ मध्ये इंटेलने १.५ अब्ज डॉलर द्यायचं कबूल करून तो वाद मिटवला, पण तोपर्यंत एनव्हिडिया चिपसेटच्या धंद्यातून बाहेर पडली होती. आज तुम्ही प्रोसेसर एकाचा घेतला की चिपसेट त्याच कंपनीचा घ्यावा लागतो. मी चिपसेट निवडायचो, आज तो पर्यायच नाही. नव्या मुलांना तर असं काही निवडता यायचं हेच ठाऊक नाही.

ग्राफिक्सचंही तसंच होईल, ही माझी भीती आहे.

---

सोल्डर_आणि_सिग्नल

मी बोर्ड डिझाइनच्या कामात आहे, म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. स्लॉट जाण्यामागे दरवेळी कंपनीची लबाडी नसते. बरंचसं काम पदार्थविज्ञान करतं.

एएमडीची रायझन एआय मॅक्स चिप बघा, जानेवारी २०२५ ला आली. सोळा झेन ५ कोअर, चाळीस ग्राफिक्स युनिट, २५६-बिट मेमरी बस (मेमरीकडे जाणारा रस्ता), १२८ जीबीपर्यंत एलपीडीडीआर५एक्स. इतक्या रुंद बसवर इतक्या वेगाने सिग्नल न्यायचा तर प्रत्येक जोडणी, प्रत्येक पिन, ट्रेसचा (बोर्डावरच्या तांब्याच्या रेघेचा) प्रत्येक मिलिमीटर आड येतो. फ्रेमवर्क ही कंपनी सगळं बदलता यावं याच तत्त्वावर चालते. तिने आपल्या डेस्कटॉपसाठी एएमडीच्या अभियंत्यांना विचारलं की मेमरी बदलता येण्याजोगी करता येईल का. त्यांनी सिम्युलेशन करून पाहिलं, जमलं नाही. मेमरी सोल्डर करूनच विकावी लागली.

म्हणजे प्रोसेसर आणि ग्राफिक्स एका पॅकेजमध्ये, शेजारी सोल्डर केलेली मेमरी, ही मांडणी वीज वाचवते, जागा वाचवते, आणि लॅपटॉपमध्ये किंवा हातात धरायच्या कन्सोलमध्ये तीच योग्य आहे. पीसीआय एक्स्प्रेस ५.० चा सोळा लेनचा (डेटाच्या मार्गिकांचा) स्लॉट एका दिशेला सेकंदाला सुमारे ६४ जीबी नेतो. पॅकेजच्या आतला दुवा याच्या कितीतरी पुढे जातो. हे वैर कोणा कंपनीशी नाही, तांब्याच्या तारेशी आहे.

माझी काळजी वेगळी आहे. आतला दुवा वेगवान होणारच. प्रश्न हा की बाहेरचा स्लॉट त्याच्याबरोबर ठेवतात की नाही, आणि ठेवला तर सोळा लेन देतात की चार. हा निर्णय अभियंता घेत नाही. तो उत्पादनाची आखणी करणारे घेतात, आणि ग्राफिक्स विकणारी कंपनी भागीदार असेल तर तिचं मत त्यात येणारच.

---

कलमवाचक

सोल्डर_आणि_सिग्नल यांच्या शेवटच्या परिच्छेदाला धरून लिहितो, कारण या प्रश्नाला एकदा कायद्याने उत्तर दिलेलं आहे आणि ते कोणी फारसं सांगत नाही.

ऑगस्ट २०१० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (एफटीसी) इंटेलशी तडजोड केली. त्यातली एक अट अशी होती की इंटेलने पीसीआय एक्स्प्रेस किमान सहा वर्षं कायम ठेवावं, आणि तेही ग्राफिक्स चिपच्या कामगिरीवर मर्यादा येणार नाही अशा रीतीने. नियामकाने किमतीइतकंच सांध्याकडेही बघितलं. त्या अटीची मुदत केव्हाच संपली. मला वाटतं पीसी गेमिंगच्या इतिहासात ग्राहकाच्या बाजूने घातलेली ही सर्वांत नेमकी अट आहे, आणि यापुढे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कंपन्यांच्या कुठल्याही व्यवहाराला हीच अट लावायला हवी.

सगळे व्यवहार होतातच असंही नाही. सप्टेंबर २०२० मध्ये एनव्हिडियाने सॉफ्टबँककडून आर्म ही चिपच्या रचना परवान्यावर देणारी कंपनी ४० अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं. आर्मचा परवाना एनव्हिडियाचे प्रतिस्पर्धी वापरतात, म्हणजे सगळ्यांचा सांधा एकाच्या हाती. डिसेंबर २०२१ मध्ये एफटीसीने दावा लावला, युरोप आणि ब्रिटनमध्येही चौकश्या चालू होत्या, फेब्रुवारी २०२२ मध्ये व्यवहार मोडला. त्याच फेब्रुवारीत एएमडीने केलेलं झायलिंक्स या चिपकंपनीचं अधिग्रहण मात्र पूर्ण झालं, कारण तिथे कोणाचा रस्ता अडत नव्हता. रायझन ७०४० मधला एआय विभाग त्या झायलिंक्सच्या तंत्रावर उभा आहे. दोन्ही व्यवहार चिपचेच, पण नियामकांनी एकच वजन लावलं नाही, आणि ते बरोबर केलं.

इंटेलला अख्खी कोणी विकत घेईल का, असंही लोक विचारतात. तिथे एक मोठी अडचण आहे. इंटेल आणि एएमडी यांच्यात २००९ चा परस्पर परवाना करार आहे. एक्स८६ इंटेलचं, त्याचा ६४-बिट विस्तार एएमडीचा, दोघं एकमेकांचं वापरतात. दोघांपैकी कोणाचीही मालकी बदलली की तो करार संपतो. म्हणजे इंटेल विकत घेणाऱ्याला दुसऱ्या दिवशी एएमडीच्या दारात जावं लागेल. पाच अब्जांची भागीदारी करणं आणि कंपनी गिळणं, यात हा फरक फार मोठा आहे.

---

वेफर_मोजणारा

सगळे मुद्दे छान, पण आपण दुकानाच्या पाटीकडे बघतोय आणि भटारखाना विसरतोय. एनव्हिडियाची आरटीएक्स ४० मालिका टीएसएमसी या दुसऱ्यांच्या चिप बनवून देणाऱ्या कारखान्यात बनली. एएमडीच्या चिप टीएसएमसीत. इंटेलची आर्क ही ग्राफिक्स कार्डंसुद्धा टीएसएमसीत. आरटीएक्स ३० सॅमसंगकडे होती, नंतर तीही वाट सुटली. तीन प्रतिस्पर्धी एकाच कारखान्याच्या रांगेत उभे असतील तर विलीनीकरण न होताही रांगेत पुढे कोण, हे पैसा ठरवतो. आणि सध्या एआयच्या चिप गेमिंगच्या चिपपेक्षा कितीतरी जास्त पैसा देतात.

मेमरीचं तर विलीनीकरण होऊन चुकलंय. जपानची एल्पिडा २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली, २०१३ मध्ये मायक्रॉनने घेतली. मोठे उरले तीनच: सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन. आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करायचं जाहीर केलं, कारण माल डेटासेंटरकडे वळवायचाय. ज्या हिरव्या पट्टीने कित्येकांनी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने रॅम वाढवली, ती पट्टी अशी संपली. इथे कोणी कोणाला त्या दिवशी विकत घेतलं नव्हतं. तीन उरले होते, एवढंच पुरलं.

---

नवा_बिल्ड

वाचून थोडी घाबरले. पहिला पीसी जुळवतेय. एकाच कंपनीचा प्रोसेसर आणि कार्ड घेतलं तर जास्त चांगलं चालतं असं वाचलं होतं. मग तसंच घ्यावं का?

---

ड्रायव्हरशोध

घाबरू नका. तुम्ही वाचलंय ते २०२० च्या स्मार्ट अ‍ॅक्सेस मेमरीबद्दल असणार. एएमडीने रायझन ५००० आणि रेडिऑन ६००० एकत्र असतील तर वेग वाढतो असं सांगून ते आणलं. पण मुळात ती पीसीआय एक्स्प्रेसच्या मानकातलीच सोय आहे, रिसायझेबल बार: प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम गाठता येते. २०२१ मध्ये एनव्हिडियानेही ती दिली, इंटेलची आर्क कार्डं तर तिच्यावाचून नीट चालतच नाहीत. मानक खुलं होतं म्हणून एकाची खासियत वर्षभरात सगळ्यांची झाली. तुम्ही हवं ते मिसळून घ्या, बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) तेवढी ती सोय चालू करा.

---

तिसरा_स्लॉट (धागाकर्ता)

ड्रायव्हरशोध, उदाहरण अगदी नेमकं दिलंत. फिजएक्स एकाच्या मालकीचं होतं, ते सतरा वर्षांनीही त्रास देतं. रिसायझेबल बार मानकात होतं, ते वर्षभरात सगळ्यांना मिळालं.

सोल्डर_आणि_सिग्नल, तुमच्यामुळे माझं मत थोडं बदललं. पॅकेजच्या आत काय जोडतात याला मी विरोध करणार नाही. इंटेलने २०१८ मध्ये केबी लेक-जी ही चिप काढली होती, आपल्याच पॅकेजमध्ये रेडिऑन ग्राफिक्स बसवून. कल्पना सुंदर होती, पण २०१९ मध्येच ती चिप बंद करायचं जाहीर झालं, आणि ड्रायव्हर कोणी द्यायचे यावर खरेदीदार दोन दारांमध्ये हेलपाटे घालत राहिले. आरटीएक्सवाल्या इंटेल चिपबद्दल माझे आता दोनच प्रश्न उरलेत: ग्राफिक्सचे ड्रायव्हर किती वर्षं आणि कोण देणार, आणि बोर्डावर पूर्ण सोळा लेनचा स्लॉट असणार का. इंटेल आपली आर्क कार्डं चालू ठेवणार असं म्हणतेय, तेही मी धरून बसलोय. १२ जीबीचं आर्क बी५८० कार्ड ज्यांनी चालवलंय त्यांना तिसरा स्पर्धक असण्याची किंमत कळेल.

---

रात्रपाळी

दोन्ही प्रश्न योग्य आहेत, आणि स्लॉटच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूला आले.

काल रात्री हा धागा वाचून झाल्यावर कपाटातून दोन पिढ्यांपूर्वीचं एक छोटं कार्ड काढलं, धूळ झटकली आणि मुख्य कार्डाच्या खालच्या स्लॉटमध्ये बसवलं. कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन फिजएक्सचं काम फक्त त्या छोट्या कार्डाकडे दिलं. मग मिरर्स एज लावला. हेलिकॉप्टर काचेच्या भिंतीवर गोळ्या झाडतं तो भाग तीनदा खेळले. काच आधी जाळीसारखी तडकते, मग चकत्या होऊन खाली येते, आणि पायाखाली तुकडे घरंगळत राहतात. कुठेही अडखळलं नाही. खालच्या कार्डाचा पंखा तेवढा हळूच फिरायला लागला होता.